माणिकबाईचं पस्तान

माणिकबाईच्या नाकावर पदर नाही असं तिला कुणी फारसं पाहिलं नव्हतं. जेवताना काढत असेल तेवढाच. घर तिचं अमरावतीच्या परकोटाच्या आत आणि मळा बाहेर, नाल्याकाठी. नवरा पुंजाराम मोट हाकायचा, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं काढून द्यायचा, आणि ही टोपलं डोक्यावर घेऊन वेशीतून बाजारात यायची. वेस दिसली की पदर नाकाला. भाजीवाल्या बाया तिला तोंडावर ‘नाकपदरी’ म्हणायच्या. ती म्हणे, "घाणीत बसून वास नाई येत म्हननारीचं नाक तपासा आधी."

आणि तिचं तरी काय चुकत होतं? ते कापसाचे दिवस होते. कुठे सातासमुद्रापार गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याची कळा आली. लढाई संपली असं लोक म्हणायचे, पण अमरावतीच्या अंगातला ताप काही उतरला नव्हता. वेशीबाहेर गाड्यांची रांग लागे ती पार नाल्यापर्यंत. एवढी बैलं उभी म्हणजे एवढं शेण, एवढं मूत, आणि एवढ्या गाडीवानांचं वेगळंच. रस्ता कोरडा असा राहिलाच नव्हता. घरोघर सरकी काढायचे रेचे फिरत, सरकी निघे आणि कापूस उडे. दह्यात कापूस, पिठात कापूस, डोळ्याच्या कडेला कापूस. लेकराचा शेंबूड पुसला तर हाताला वात यायची. आणि जो तो पान खाऊन थुंकत होता. पैसा आला की माणसाला आधी थुंकायचंच सुचतं की काय, कोण जाणे. भिंती लाल, चाकं लाल, विहिरीचा काठ लाल.

माणसाला कुठं जायचं म्हटलं तर गाडी मिळेना, ही आणखी तऱ्हा. पूर्वी भाड्याच्या दमण्या वेशीबाहेर उभ्या असायच्या. दमणी म्हणजे वर तट्ट्याचं छप्पर असलेली, माणसं न्यायची बैलगाडी. गाडीवान येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरून बसवायचे. आता आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली होती, आणि अमरावतीहून बडनेऱ्याला सगळा कापूस बैलगाडीनं जायचा. त्यामुळे दमणीवाल्यांनी सुद्धा माणसं सोडून कापूस धरला. कापूस तंबाखू मागत नाही, लवकर हाक म्हणत नाही. माणूस न्यायचाच तर कापसावर बसवून न्यायचा.

अशात माणिकबाईला अकोल्याला जाणं आलं.

तिची एकुलती लेक शकुन अकोल्याला दिली होती. ती पोटुशी होती, आणि पाचव्या महिन्यात माहेरची चोरचोळी जावी लागते. आईनं लेकीला हिरवी, कोरी, पाणी न लागलेली चोळी आपल्या हातानं द्यायची, पण चोरून. कुणी बघायचं नाही, दृष्ट लागते. आता चोरून म्हणजे किती चोरून? सासूला ठाऊक असतं, शेजारणीला ठाऊक असतं, गोठ्यातल्या म्हशीलाही ठाऊक असेल. पण ऐन वेळी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. ज्यानं पाहिलं त्याच्यावर दोष. आणि चोळी गेलीच नाही, तर मात्र ते सगळ्या गावाला दिसतं. मग पोरीला जन्मभर ऐकावं लागतं, आणि बाळाला उद्या खोकला झाला तरी बोट आजीकडे.

त्यातून अकोल्याहून आलेला एक माणूस सांगून गेला होता की शकुनच्या पोटात अन्न ठरत नाही, पोर वाळून काडी झाली आहे. तेव्हापासून माणिकबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"मीच जाऊन देऊन येतो ना," पुंजाराम म्हणाला.

"चोळी माय देते. बाप देत नाई," ती म्हणाली. "तुमी वांग्याले पानी द्या."

चोळीसाठी तिनं बाजारातलं विलायती कापड घेतलं नाही. एका म्हाताऱ्या कोष्ट्याच्या मागे लागून हातमागाचा हिरवा खण विणून घेतला. तो म्हातारा आज देतो, उद्या देतो करत राहिला, आणि चोळी शिवून हातात आली तेव्हा पाचवा महिना संपत आला होता. शनिवारी अमावास्या. सोमवारी सहावा लागणार. रविवारी पश्चिमेला जायचं नाही, अकोला पश्चिमेला. चोळी हातात आली तो बुधवार, आणि गुरुवार बाजाराचा, भाजी सोडून जाता येईना. उरला शुक्रवार, तर शुक्रवारीही पश्चिमेचा दिशाशूळ.

यावर आपल्याकडे तोड असते. वार वाईट असला तर आदल्या चांगल्या वारी आपलं गाठोडं वेशीबाहेर कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे जाणं त्या दिवशीच सुरू झालं असं धरतात. मग माणूस शुक्रवारी निघो की रविवारी, दिशाशूळ फसतो. यालाच पस्तान ठेवणं म्हणतात. माणिकबाईनं चोळी, हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ असं पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि बुधवारी गाठोडं घेऊन वेशीबाहेर पार्वताबाईकडे गेली.

पार्वताबाई दारातच अंग चोरून उभी होती. आत जायला जागा नव्हती. तिच्या नवऱ्यानं घर कापूस साठवायला दिलं होतं. माळ्यापर्यंत कापूस, देवघरात कापूस.

"कोठी ठेवू वं माय तुझं पस्तान?" पार्वताबाई म्हणाली. "देव सुद्दे मी खुंटीले टांगून ठेवले. आमी दोघं ओट्यावर निजतो."

"चुलीपाशी?"

"चुलीपाशी सासरा निजते."

माणिकबाई तशीच परत फिरली, तर समोर नत्थुजी दमणीवाला बैलांना कडबा टाकत होता. पानानं रंगलेले दात, कपाळाला गंध, आणि जिभेवर साखर. त्यानं सगळं ऐकलंच होतं.

"माह्या दमनीत ठेवा ना. वेशीबाहेरच उभी हाये. वर छप्पर हाये, खाली बैठक हाये. घर म्हनजे आनखी काय असते?"

"अन् भिंती?"

"बैल हायेत ना दोन. शुक्रवारी त्याच दमनीत तुमाले बडनेऱ्याले नेतो. पस्तान बी तेच अन् बसनं बी तेच."

माणिकबाईला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. वेशीबाहेर आहे, छप्पर आहे, म्हणजे घरच. फक्त घराला चाकं नसतात, एवढं एक तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं बैठकीखालच्या गवतात गाठोडं ठेवलं, हात जोडले आणि निश्चिंत मनानं घरी आली.

शुक्रवारी तांबडं फुटता ती वेशीबाहेर आली. दमणी छपरापर्यंत कापसानं भरलेली. कापसावर, छपराला डोकी टेकवून, आधीच तिघं बसलेली होती. एक सुटलेल्या पोटाचा दलाल आणि एक तरणी बाई, मांडीवर पोरगं घेऊन.

"नत्थुजी, माहं गाठोडं?"

"हाये ना. कापसाच्या खाली हाये. बडनेऱ्याले कापूस उतरला की देतो. चढा."

"कोठी चढू? जागा कोठी हाये?"

"दाबलं की होते जागा. मानूस काय अन् कापूस काय, दाबलं की बसते."

ती चढली. बूड टेकलं आणि तशीच उठायला गेली, तर डोकं छपराला आपटलं. कापूस ओला होता.

"हे ओलं काहून हाये?"

"दव पडलं," नत्थुजी म्हणाला.

दलाल खोखो हसला. हसताना त्याच्या तोंडातलं पान माणिकबाईच्या लुगड्यावर उडालं. त्यानं ते बोटानं पुसायला हात पुढे केला. ती अशी आक्रसली की छपराची एक कांब मोडायची राहिली. मग तो बिचारा आपल्या जागी नीट बसला आणि बाजूलाच, कापसात, थुंकला.

"अवो, मालात थुंकून राहिले तुमी!"

"माल माहाच हाये, बाई."

तिनं पदर नाकावर दोनदा गुंडाळला आणि छपराची कांब धरून, ढुंगण अधांतरी ठेवून बसली. बैल चालायला लागले. धूळ खालून, कापूस आजूबाजूनं आणि दलालाचा वास समोरून. रस्त्याला गाडीमागे गाडी. एका ठिकाणी कुणाचा तरी बैल मरून पडलेला, फुगलेला. त्याला वळसा घालायला कुणाला सवड नव्हती, सगळी चाकं त्याच्या शेपटावरून जात होती. माणिकबाईनं डोळे मिटले. डोळे मिटता येतात, नाक मिटता येत नाही, हीच देवाची एक चूक, असं ती पुढे पुष्कळदा म्हणायची.

वाटेत नाला आला. नत्थुजीनं गाडी थांबवली, मडकं भरून आणलं आणि गाडीच्या मागून पाणी कापसावर शिंपडायला लागला. एक मडकं, दोन मडकी, तीन.

"हे बी दवच काय?" माणिकबाईनं विचारलं.

"कापसाले बी तहान लागते, माय. वाळला की हलका होते. जरा बसल्या बसल्या हाला बरं तुमी, पानी खाली मुरू द्या."

आणि दलाल हलला! चांगला डाव्या-उजव्या अंगानं, पिठाचा गोळा मळावा तसा.

तेवढ्यात तरण्या बाईच्या मांडीवरच्या पोरानं धार सोडली. ती बिचारी ओशाळली, पोराला उचलून बाहेर धरायला लागली, तर नत्थुजी ओरडला, "राहू द्या, राहू द्या! वजनच हाये थे."

"अन् हे सगळं विलायतेले जाते?" माणिकबाई म्हणाली.

"जाते ना. तथी त्याचं कापड होते, पांढरंशुभ्र. मंग आपन थे घालून लग्नाले जातो," दलाल म्हणाला आणि आपल्या अंगरख्यावरून हात फिरवला.

माणिकबाईनं त्याच्याकडून तोंड फिरवलं. आपल्या शकुनच्या अंगाला हातमागाचा खण लागणार, हा एकच विचार तिनं घट्ट धरून ठेवला. ती चोळी खाली कापसात भिजली तर नसेल? फडकं दुहेरी होतं. नसेल भिजली.

बडनेरं आलं. टेसनाबाहेर कापसाचा डोंगर होता, आणि उघडीबोडकी माणसं गोण्यांत उतरून कापूस पायानं तुडवत होती. घाम निथळत होता, तो कुठं जात होता ते सांगायला नको. नत्थुजीची दमणी रिकामी झाली. माणिकबाई गवत उचकून बघते, तर गाठोडं नाही. बैठकीखाली नाही, जुवाखाली नाही.

"नत्थुजी!"

नत्थुजीनं डोकं खाजवलं. मग कान खाजवला. "माय, काल बी एक खेप झाली होती ना..."

"बुधवारी ठेवलेलं पस्तान, अन् काल गाडी हाकलली तुवा?"

"उभी ठेवून काय करू? लोकं गाड्या ओढून नेऊन राहिले. गाठोडं पांढरं, कापूस पांढरा. हमालाईनं घेतलं असन उचलून."

ती त्या डोंगराकडे धावली. एका गोणीत हात घालते, दुसरीत घालते. हाताला काय काय लागलं ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. मुकादम आला. त्याला सगळं कळलं तसा तो पोट धरून हसला.

"कालच्या गोण्या रात्रीच गेल्या, बाई. शिवून, मोहोर मारून. तुमचं पस्तान विलायतेले गेलं! अन् पस्तान जाते तथी मानसाले जा लागते म्हनतात."

"मी गेली तं तथल्या सायबाले सांगीन," माणिकबाई म्हणाली, "का बाप्पा, तू जे अंगाले लावतं त्यात काय काय हाये. मंग तुही मुकादमकी कोठी जाते थे पाय!"

आजूबाजूचे हमाल हसले. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चोळी गेली. परत फिरावं तर पाऊल मागे घेतलं असं होतं, आणि अशा कामात पाऊल मागे घेणं फार वाईट. पुढे जावं तर हात रिकामे. आगगाडीची घंटा झाली. नत्थुजीच्या सात पिढ्यांना एका दमात नावं ठेवून ती गाडीत चढली.

आगगाडी म्हणजे तरी काय? दमणीच मोठी, बैलांऐवजी धूर. लाकडी बाकं, बाकांवर माणसं, माणसांच्या पायांत गाठोडी, गाठोड्यांवर आणखी माणसं. कुणी कांदा फोडत होता, कुणी बाकाखाली ओकत होता. फरशी अशी चिकट की पाय उचलला की चप्पल मागे राहायची. खिडकीकडे जावं तर कोळशाचे कण डोळ्यांत. मूर्तिजापूर आलं तरी तिनं खाली बूड नीट टेकलं नव्हतं.

अकोल्यात उतरून ती आधी बाजारात गेली. हातमागाचा हिरवा खण द्या म्हणाली. दुकानदार हसला. कोष्टी कुठं राहिलेत, म्हणाला, सूतच मिळत नाही, कापूस सगळा बाहेर जातो. त्यानं विलायती कापड पुढे टाकलं. हिरवंगार, कडक, पापडासारखं वाजणारं. तिनं वास घेतला. खळीचा आंबूस वास आणि त्याखाली कसली तरी जुन्या चरबीची घाण. चार दुकानं फिरली, चारही ठिकाणी तेच. शेवटी डोळे मिटून एक खण घेतला.

लेकीच्या घरी पोचली तर विहीण सत्यभामा ओसरीवर डाळ निवडत बसलेली. कापसावर तिचंही घर वर आलं होतं. अंगावर कडक विलायती लुगडं, चालली की सुपासारखं वाजणारं. तिनं पाहुणीच्या कमरेला खोचलेल्या खणाकडे एक नजर टाकली, आणि रीत आठवून लगेच डाळीकडे वळवली.

"या इनबाई. शकुन गोठ्याकडे हाये. मले काही मालूम नाई बरं, मी आपली डाळ निवडून राहिली."

माणिकबाईनं गोठ्यापाशी शकुनला गाठलं. गालफडं बसलेली, डोळे आत. अंगावर सासूनं कौतुकानं घेतलेली नवी कोरी चोळी, तशीच कडक. "माय वं," म्हणत पोर गळ्यात पडली. माणिकबाईनं कमरेचा खण काढून तिच्या हातात दिला. शकुननं तो कपाळाला लावला, आणि तशीच पळत जाऊन उकिरड्याशी बसली. भडाभडा ओकली.

"वास येते वं माय," ती धापा टाकत म्हणाली. "याचा बी तोच वास. अंगावरच्या चोळीचा येते, लुगड्याचा येते. घास तोंडात घेतला की थो वास आधी पोटात जाते. सांगावं कोनाले? कोरं धुतलं तं अपशकुन होते म्हनतात."

आजवर माणिकबाईच्या नाकाला सगळ्यांनी हसून घेतलं होतं. आता पाहते तर तेच नाक पोरीनं उचललेलं. मग ती उठली. परात घेतली, गोठ्याकडच्या चुलीवरचं कढत पाणी ओतलं, रिठे फोडून टाकले आणि खण बुडवला. पाण्याला हात लावते तर पाणी पेजेसारखं पांढरं. चोळलं, पिळलं, पुन्हा पाणी. पुन्हा पेज. तिसऱ्या पाण्याला कुठे कापड हाताला लागलं, आणि लागलं ते कसलं! पापड होता त्याची जाळी झाली. निम्मं कापड खळच होती.

माणिकबाई परातीकडे बघत राहिली. इथून नत्थुजी पाणी घालून वजन वाढवतो, तिथून साहेब पीठ घालून वजन वाढवतो. चोरावर मोर, दुसरं काय! अन् मधल्या मधे ओकते कोण, तर माझी पोर.

एवढ्यात सत्यभामा शेण टाकायला म्हणून गोठ्याकडे आली आणि परात पाहून जागीच उभी राहिली.

"हे काय करून राहिल्या, इनबाई? गरवार पोरीची कोरी चोळी पान्यात?"

माणिकबाईनं मान वर केली नाही. खण पिळत सावकाश विचारलं, "कोनती चोळी? तुमाले दिसली का काही?"

सत्यभामानं दिसली म्हणावं, तर चोरचोळी पाहिल्याचा दोष तिच्या माथी, तिच्याच नातवावर. नाही दिसली म्हणावं, तर धुणं डोळ्यांदेखत चाललेलं. बाईचा जीव दोन दगडांत सापडला. शेवटी ती गर्रकन वळली आणि गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मले काय दिसते?" ती भिंतीला म्हणाली. "मी तं शेन टाकाले आली."

चुलीच्या धगीवर कापड सुकलं. माणिकबाईनं तिथेच बसून धावदोरा घातला. टाके वाकडे आले, पण चोळी झाली. शकुननं कडक चोळी काढून ती घातली, दंडापाशी नाक नेलं, घाबरत घाबरत वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"रिठ्याचा येते फक्त," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "माय, भाकर हाये काय वं?"

माणिकबाईनं ताटलीत भाकर आणि आंबाडीची भाजी आणून दिली. पोर जेवत होती आणि माय तिच्या गळ्याकडे बघत होती, घास उतरतो की परत येतो म्हणून. पहिला उतरला. दुसरा उतरला. अर्धी भाकर झाली तेव्हा माणिकबाईच्या ध्यानात आलं की सत्यभामा अजून भिंतीकडेच तोंड करून उभी आहे. शेणाची पाटी हातातच, आणि कान मात्र इकडे.

"ठरलं काय पोटात?" तिनं भिंतीला विचारलं.

"ठरलं," माणिकबाई म्हणाली.

सत्यभामानं पाटी खाली ठेवली. बराच वेळ भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिली. मग घसा खाकरून म्हणाली, "भितीलेच सांगून राहिली मी. सुनेची आनखी चार लुगडी अन् चोळ्या पेटीत हायेत, सगळ्या कोऱ्या. कोनी चोरून धुतल्या तं मले काही दिसनार नाई."

"मंग पेटी कोठी हाये," माणिकबाई म्हणाली, "थे बी भितीलेच सांगा."